पूजेला जोडीने बसलीस म्हणून

मंजिरी, आपलं भांडण अर्धवट टाकून गेलीस, याचा मला इतका राग आलाय की रडूसुद्धा धड येत नाही. तू जाऊन आठवडा झाला. तेव्हापासून मी भांडी घासताना, मुलांचे डबे भरताना, ट्रुगानिना या आपल्या उपनगरातल्या त्या एकसारख्या घरांमधून गाडी चालवताना तुझ्याशी भांडतेच आहे. माझी बाजू मी मांडते, तुझी बाजूही मीच मांडते आणि तरी दर वेळी तूच जिंकतेस. जिवंतपणी एवढी कुठे जिंकत होतीस गं?

भांडण काय होतं, तर भत्त्याच्या ऑफिसात त्या मुलीने तुला प्रश्न विचारला तेव्हा तू खरं उत्तर द्यायला हवं होतंस की नाही. मी म्हणत होते, नको होतं. तू म्हणत होतीस, तिने विचारलं तर सांगायला नको का? याच्या पुढे आपण कधी सरकलोच नाही.

तू पहिल्यांदा माझ्याकडे आलीस ती अर्ज भरून घ्यायला. आपल्या गल्लीत अर्ज भरायचा म्हटलं की लोक माझं दार वाजवतात, कारण मला अर्ज भरायला मनापासून आवडतात. माझा नवरा म्हणतो की बाकीच्या बायका टीव्ही बघतात, केतकी सरकारी वेबसाइट बघते. तू दोन घरं सोडून राहायचीस, दिवाळीला भेटायचीस, पण अशी एकटी दारात कधी उभी राहिली नव्हतीस. हातात खिरीचं भांडं होतं, म्हणजे कामच होतं.

"मला नर्सिंगचा डिप्लोमा करायचाय," तू म्हणालीस. "सरकारी कॉलेजात फी माफ आहे. पण कोर्स फुल टाइम आहे. तोपर्यंत जगायचं कशावर? स्टुडंट्सना भत्ता मिळतो ना?"

"मिळतो. पण नवऱ्याचा पगार धरतात," मी म्हणाले. "तुझा निखिल आयटीत. तुला एक डॉलर नाही मिळायचा."

तू खिरीच्या भांड्यावरचं झाकण उगाच नीट बसवत राहिलीस. मग म्हणालीस, "आम्ही वेगळे झालोय. वर्ष होऊन गेलं. राहतो एकाच घरात, एवढंच."

  दोन घरांच्या अंतरावर राहून मला कळलं नव्हतं. त्या वर्षी दिवाळीच्या फराळाला मी तुम्हाला जोडीनेच बोलावलं होतं आणि तुम्ही आलाही होतात. तुझ्या ताटलीतली चकली त्याने उचलली होती, हेसुद्धा मला आठवलं.

मग तू सगळं सांगितलंस, अगदी हवापाण्याबद्दल बोलावं तशा आवाजात. मारहाण नव्हती, दारू नव्हती, दुसरी बाई नव्हती. मूल होत नाही म्हणून आधी डॉक्टर झाले, मग नवस झाले, मग बोलणं थांबलं. तुझी खोली मागे, त्याची पुढे. फ्रिजमधले कप्पे वेगळे, कपडे धुण्याचे दिवस वेगळे. वृद्धाश्रमातल्या अर्धवेळ नोकरीत तुला साधी खोलीही भाड्याने परवडत नव्हती. डिप्लोमा झाला की नर्सची पक्की नोकरी लागेल, नोकरी लागली की स्वतःचं घर घेईन, असा तुझा बेत होता. तुला त्या घरातून बाहेर पडायचं होतं. बाकी काही नको होतं.

इथल्या कायद्यात याची सोय आहे. नवरा-बायको एका छताखाली राहूनही वेगळे असू शकतात, हे सरकारला मान्य आहे, फक्त ते पटवून द्यावं लागतं. कोण कुठे झोपतं, स्वयंपाक कोण कुणासाठी करतं, चारचौघांत दोघं जोडपं म्हणून वावरतात का, असे प्रश्न. आणि ओळखीच्या एका माणसाने लिहून द्यायचं की हो, हे दोघं वेगळे आहेत. ते मी लिहून दिलं. इंग्रजी दोनदा तपासून, अगदी ठासून लिहिलं. भत्ता मंजूर झाला तेव्हा तू गल्लीतून धावत आलीस आणि आपण दोघींनी उभ्याउभ्याच चहा प्यायला. भत्त्याबरोबर सवलतीचं कार्ड आलं होतं. त्याचं तुला जास्त कौतुक, कारण तुझ्या दम्याचा रोजचा पंप त्यावर स्वस्तात मिळणार होता.

ते सहा-सात महिने चांगले होते, मंजिरी. तेवढे मला कुणी काढून घेऊ शकत नाही. कॉलेजात तू वर्गातल्या पोरींपेक्षा पंधरा वर्षांनी मोठी, पण त्यांच्यात काय रमलीस! माझ्या हाताला बँडेज बांधून बघायचीस, माझ्या नवऱ्याला कॉटवर झोपवून चादर बदलून दाखवायचीस. तो म्हणायचा, "मी मेलो नाहीये अजून." बीपी मोजायचा नवा पट्टा आणलास आणि गल्लीतल्या कुणालाही सोडलं नाहीस. माझं बीपी वाढलेलं आहे, हे तूच मला सांगितलंस. मी हसण्यावारी नेलं तर मला धरून डॉक्टरकडे घेऊन गेलीस. रोज सकाळी ती गोळी घेते. आजही घेतली.

दर पंधरवड्याला तू माझ्या स्वयंपाकघरात बसून आपल्या शिफ्ट्सचा हिशोब फोनवर भरायचीस, कारण कमाई वेळेवर कळवली नाही की भत्ता अडकतो. कॉलेजच्या मदत-खिडकीत ती मोरीन होती, तुझी लाडकी. तिने पहिल्याच दिवशी तुला बजावलं होतं. "सब्जेक्ट्स ड्रॉप करू नकोस हं, लव्ह. पाऊण लोडच्या खाली गेलीस की भत्ता बंद." तू ते वाक्य तिच्या उच्चारात म्हणून दाखवायचीस आणि आपण हसायचो. भत्ता मिळवणं ही अर्धी लढाई होती, तो टिकवणं ही खरी. अभ्यास टिकवायचा तर भत्ता हवा, भत्ता टिकवायचा तर अभ्यास हवा. तू दोन्ही टिकवलं होतंस.

मग श्रावणात तुझ्या सासूबाई आल्या. श्रावण म्हणजे इथला ऐन हिवाळा, बाहेर पाच अंश, आणि त्या आल्या आल्या म्हणाल्या की या घरात सत्यनारायण घालायचा. निखिलने आईला काही सांगितलेलं नव्हतं. त्यांची बायपास झालेली, सांगायचं कसं, असं त्याचं म्हणणं. बायपासच्या माणसाला सोळा तासांचं विमान झेपतं, पण मुलाचं वेगळं होणं झेपत नाही, हे मला अजून पटलेलं नाही.

तो तुझ्या खोलीच्या दारात उभा राहून म्हणाला होता, "आईसाठी एक तास बस. मग मी काही मागणार नाही." तू मला विचारायला आलीस. विचारायला कसली, सांगायला आलीस. मी म्हणाले, "अजिबात बसायचं नाही. डोकं दुखतंय म्हण, अडचण आलीये म्हण." तू म्हणालीस, "त्या म्हाताऱ्या बाईने माझं काय वाईट केलंय?"

मीही आले होते त्या पूजेला. निखिलने नर्सरीतून केळीची दोन रोपं कुंडीसकट आणून चौरंगाला बांधली होती. गुरुजी शहराच्या दुसऱ्या टोकाहून, क्लाइडहून आले होते, त्यांना पुढे अजून दोन पूजा होत्या, त्यामुळे घाईत होते. तू त्याच्या उजवीकडे पाटावर बसलीस. निखिलने पळीत पाणी घेतलं आणि गुरुजी म्हणाले, "ताई, यजमानांच्या हाताला हात लावा." तू दोन बोटं लावलीस. सासूबाईंनी डोळ्यांना पदर लावला. 

ऑफिसातून बोलावणं आलं ते त्यानंतर महिन्याभराने. तपासणी नेहमीचीच होती, कुणी चुगली केली नव्हती. हे मी मुद्दाम लिहिते, कारण गल्लीतल्या दोघी-तिघींवर तुझा संशय होता. मी तुझ्यासोबत आले. समोरची मुलगी विशी-पंचविशीची, फारच गोड बोलणारी. झोपायच्या खोल्या झाल्या, फ्रिज झाला, बिलं झाली. मग तिने विचारलं, "तुम्ही दोघं कधी कुठल्या समारंभाला कपल म्हणून जाता का?"

नाही म्हणायचं होतंस. तेवढंच. टेबलाखाली मी तुझ्या पायावर पाय दिला.

तू म्हणालीस, "नो. ओन्ली वन्स. वी सॅट फॉर अ पूजा."

तिला ते फार इंटरेस्टिंग वाटलं. पूजा म्हणजे काय, तिने विचारलं. आणि तू, माझी बाई, सांगत सुटलीस! नवरा-बायकोंनी शेजारी शेजारी बसायचं, ही पूजा शक्यतो जोडीनेच करतात, तो अर्पण करतो तेव्हा बायकोने त्याच्या हाताला हात लावायचा, म्हणजे दोघांनी मिळून केलं असं होतं. ती टाइप करत होती. तू मध्ये थांबून तिला 'संकल्प' या शब्दाचा अर्थही सांगितलास. घर, कुटुंब, त्यांचं कल्याण. तिने मान हलवली आणि तेही टाइप केलं.

कार पार्कमध्ये मी तुझ्यावर ओरडले. आजूबाजूची माणसं बघत होती, पण मी थांबले नाही. "कुणी विचारलं होतं तुला एवढं?"

"तिनेच विचारलं."

"नाही म्हणता आलं नसतं?"

"पूजेबद्दल खोटं बोलू?" तू म्हणालीस. "अगं, खोटं बोलणाऱ्याचं काय होतं, हेच तास-दीड तास ऐकत बसले होते मी तिथे."

"आणि जोडीने बसलीस ते खरं होतं?"

तू गाडीत बसलीस, सीटबेल्ट लावलास आणि घरापर्यंत खिडकीबाहेर बघत राहिलीस. मला आजही वाटतं की मी जिंकले होते. मला आजही वाटतं की मी ते बोलायला नको होतं. दोन्ही एकाच वेळी वाटतं. तू असतीस तर म्हणाली असतीस, केतकी, तुला कुठलीच बाजू सोडवत नाही.

निर्णय आला. पूजेच्या दिवसापासून तुम्ही जोडपं. भत्ता बंद, कार्ड बंद, आणि त्या दिवसानंतर आलेले पैसे परत करायचे. पत्रात सभ्य भाषेत लिहिलं होतं की सामाजिक आणि धार्मिक प्रसंगी तुम्ही विवाहित जोडपं म्हणून वावरता. मला वाटतं, त्या मुलीचं काही चुकलं नाही. तिने ऐकलं ते लिहिलं. कोण तिला समजावणार की आपल्याकडे जोडीने बसण्यासाठी जोडी असावीच लागते असं नाही, पाट मांडलेले असले की बास?

आपण फेरविचाराचा अर्ज केला. मी पुन्हा लिहून दिलं, या वेळी तीन पानं. निखिलचं पत्र हवं होतं. सासूबाई अजून इथेच होत्या, त्यांनी व्हिसा वाढवून घेतला होता. त्याने लिहून तर दिलं. मी ते दोनदा वाचलं. "माय वाइफ अँड आय आर गोइंग थ्रू अ डिफिकल्ट फेज." मी त्याला गाठून म्हणाले, "अरे, वेगळे आहोत असं लिही ना सरळ." तो म्हणाला, "लिहिलंय की. अजून काय लिहायचं? उद्या हे कुणाच्या हाती लागलं म्हणजे?" तो वाईट नाही, मंजिरी. तुला माहितीये, मलाही माहितीये. त्याला फक्त कुठेही लेखी काही नको असतं. त्या 'माय वाइफ'वर अर्ज बुडाला.

मी तेव्हा म्हणाले होते, आमच्या गॅरेजमधल्या खोलीत ये राहायला, आत्ताच्या आत्ता. हीटर लावू, कॉट टाकू. तू म्हणालीस, "सासूबाई गेल्या की येते. त्यांच्यासमोर बॅग घेऊन कशी निघू?" त्या नाताळनंतर जाणार होत्या.

त्यानंतरचं सगळं तू मला कळू दिलं नाहीस. शिफ्ट्स वाढवल्यास, हे कळलं. सकाळची शिफ्ट आणि दुपारचा क्लास एकत्र बसेना, म्हणून एक विषय सोडलास, हेही कळलं. मोरीनने तुला बसवून समजावलं, कॉलेजच्या अडचण-निधीतून किराणाची कुपनं दिली, आणि सांगितलं की एवढा एक विषय राहू दे, म्हणजे पुन्हा अर्जाची वाट तरी मोकळी राहील. तू दुसराही विषय सोडलास. मग तू पाऊणच्या खाली गेलीस. आता निखिलने छापील शपथपत्र दिलं असतं तरी उपयोग नव्हता. पुढच्या वर्षी बघू, असं तू मला म्हणालीस, आणि ते म्हणताना हसलीस. ते हसू मला मुळीच आवडलं नाही.

जे कळलं नाही ते हे, की तू रोजचा पंप घेणं बंद केलं होतंस. कार्ड गेल्यावर तो महाग पडत होता. धाप लागली की मारायचा तो निळा पंप तेवढा ठेवला होतास. नर्सिंग शिकणारी तू! दुसऱ्यांच्या बीपीसाठी दारोदार फिरणारी! मी तुला कधी माफ करेन, मला माहीत नाही.

त्या दुपारी उत्तरेकडून गरम वारा सुटला होता आणि मग एकाएकी वादळ आलं. फोनवर इशारा होताच, थंडरस्टॉर्म अस्थमाचा. वसंतात इथे गवताचे परागकण उडतात, वादळात ते फुटून बारीक होतात आणि श्वासात जातात. हे सगळं मला तूच शिकवलं होतंस. तू शिफ्टवरून परत येऊन खोलीत पडली होतीस. मला फोन आला तो निखिलचा.

"केतकी, मंजिरीला श्वास लागलाय. ती पंप कुठे ठेवते?"

मंजिरी, सात वर्षं एका घरात राहिलेल्या माणसाने मला, दोन घरं पलीकडच्या बाईला विचारलं की ती पंप कुठे ठेवते. मी सांगितलं, दाराला अडकवलेल्या पिशवीच्या बाहेरच्या कप्प्यात. मिळाला. रिकामा होता. मी माझ्या मुलाचा पंप घेऊन पायात चपलाही न घालता धावले. ॲम्ब्युलन्स यायला वेळ लागला. त्यात कुणाचा दोष नाही, त्या दुपारी शहराच्या पश्चिमेकडच्या कितीतरी लोकांना श्वास लागला होता. निखिल तुझ्या पायाशी उभा होता आणि त्याला तुझ्या अंगाला हात कुठे लावावा ते कळत नव्हतं.

मला तुझे आभार मानायचे होते, हे मला आज सुचतंय. त्या गोळीसाठी, आमच्या ह्यांना हसवल्याबद्दल, माझ्या अर्ज भरण्याच्या खुळाला पहिल्यांदा काहीतरी अर्थ दिल्याबद्दल. तुझा अर्ज हा मी भरलेला सगळ्यात सुंदर अर्ज होता. आता कुणी दार वाजवलं तर मी नाही म्हणते. परवा एक मुलगा आला होता, जळगावचा, त्याच कॉलेजात जाणारा. त्याला सांगितलं, मला जमत नाही रे. तुला हे आवडलं नसतं. आवडून न आवडून काय होणार आहे, ते तू मला सांग.

फ्युनरल होममध्ये सासूबाईंनी तुला हिरवी साडी नेसवायला लावली. मंडळातल्या बायका आल्या होत्या. कुणीतरी हिरव्या बांगड्या आणल्या, कुणीतरी नारळ आणि खण. तुझ्या गळ्यात मंगळसूत्र घातलं, ते सासूबाईंचं स्वतःचं होतं, तिथल्या तिथे काढून दिलं. मग एकेकीने तुझ्या कपाळाला हळदकुंकू लावून ओटी भरायला सुरुवात केली. "सवाष्ण गेली. भाग्य लागतं याला," एक काकू म्हणाल्या, आणि सासूबाई मोठ्याने रडल्या. निखिल भिंतीपाशी उभा होता. 

माझी पाळी आली. काकूंनी करंडा माझ्यापुढे धरला. मी हात मागे घेतला आणि सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाले, "ही ह्याची बायको नव्हती. दोन वर्षं झाली वेगळं होऊन. हिला हे नको होतं."

 मला वाटलं, झालं, आता कुणीतरी ते मंगळसूत्र काढेल.

काकूंनी करंडा खाली ठेवला आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला. "रड गं बाई, रडून मोकळी हो. फार जीव होता तुमचा एकमेकींवर." दुसऱ्या एकीने पाण्याची बाटली उघडून माझ्या हातात दिली. तिसरीने करंडा उचलला आणि माझ्या नावचं कुंकूही तिनेच तुला लावलं.

मी सांगितलं होतं, मंजिरी. त्या ऑफिसलाही लिहून सांगितलं होतं आणि इथे तुझ्यासमोरही सांगितलं.